लोहातील लहरी आणि पुंज-तंत्रविद्या

ग्वाल्हेरच्या परिसरात लोहयुक्त खडकांचे अतिप्राचीन थर आहेत. शहराच्या मुरार या भागावरून भूशास्त्रात त्यांना ‘मुरार’ हेच नाव मिळाले आहे. लोहाचा उपयोग मानवाने नांगराच्या फाळापासून रेल्वेच्या रुळांपर्यंत केला. याच मूलद्रव्याच्या चुंबकत्वाचा माहितीच्या वहनासाठी उपयोग करून घेण्याचे प्रयत्न आता प्रयोगशाळांतून चालू आहेत.

चुंबकीय पदार्थातील लोहाचा प्रत्येक अणू म्हणजे जणू एक सूक्ष्म चुंबकसूचीच होय. इलेक्ट्रॉनांच्या ‘परिवलन’ या गुणधर्मामुळे त्याला चुंबकत्व येते. शेजारचे अणू परस्परांशी निगडित असल्याने एकाची दिशा किंचित ढळली, की ते आंदोलन पुढे सरकते. गव्हाच्या शेतावरून लाट जाते, पण रोपे जागा सोडत नाहीत, तसेच येथे घडते. या परिवलन-तरंगाची कल्पना फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० साली मांडली. तरंगाच्या ऊर्जेच्या लघुतम अंशास ‘मॅग्नॉन’ म्हणतात.

अतिसंवाहक मंडलांवर आधारलेले पुंज-संगणक सूक्ष्मतरंगांवर चालतात, तर दूरवरचे संदेश काचतंतूंतून प्रकाशाच्या रूपाने जातात. मॅग्नॉनचा दोहोंशी संबंध जोडता येत असल्याने तो त्यांच्यामधील दुभाषा ठरू शकेल, अशी अपेक्षा आहे. टोकियो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१५ साली यिट्रियम, लोह व प्राणवायू यांच्या स्फटिकाचा अर्धा मिलिमीटर व्यासाचा गोळा घेऊन त्यातील मॅग्नॉन अतिसंवाहक ‘क्यूबिट’शी जोडून दाखविले. २०२० साली एकेकटा मॅग्नॉन ओळखण्यातही त्यांना यश आले.

तथापि अडचणी लहान नाहीत. मॅग्नॉनचे आयुष्य सामान्यतः सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या आसपास असते. प्रकाशाशी त्याचा संबंध क्षीण असतो. आणि असे प्रयोग निरपेक्ष शून्याच्या अगदी निकट, सुमारे अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या तपमानात करावे लागतात. त्यामुळे हे तंत्र अद्याप प्रयोगशाळेबाहेर आलेले नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले; या व्यापक क्षेत्रात शिरणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यामुळे मार्ग खुला झाला आहे.

या विषयाचा पहिला धडा मात्र शाळेतही देता येईल. चार-पाच लहान होकायंत्रे एका ओळीत अगदी जवळजवळ ठेवावीत आणि पहिल्याची सुई चुंबकाने हलवावी. शेजारच्या सुयाही डोलू लागतात. मूळ तत्त्व विद्यार्थ्यांच्या ध्यानी येण्यास एवढे पुरेसे आहे.