थांबायचं कधी, ते अट ठरवणार!

प्रोग्रॅममध्ये तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा तुकडा म्हणजे लूप. फॉर लूप सहसा किती फेऱ्या मारायच्या ते आधीच ठरवून निघतो. व्हाइल लूपचा असा हिशेब नसतो. अट खरी आहे तोवर फिरायचं, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे सगळी गंमत अटीत, आणि सगळा घोळही तिथेच.

घोळाचा अस्सल मासला ३१ डिसेंबर २००८ चा. मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून म्युझिक प्लेअर त्या दिवशी एकाएकी हँग झाले. १९८० पासून किती दिवस लोटले यावरून चालू वर्ष काढणारा व्हाइल लूप त्यांत होता. दिवस ३६५ हून जास्त आहेत तोवर एकेका वर्षाचे दिवस वजा करायचे. लीप वर्ष असेल तर ३६६ वजा करायचे, पण दिवस ३६६ हून जास्त असतील तरच. आता २००८ लीप वर्ष आणि तो दिवस नेमका ३६६ वा! ३६५ हून जास्त, म्हणून लूप सोडेना. ३६६ हून जास्त नाही, म्हणून वजाबाकी होईना. कंपनीचा उपाय तर अफलातून: बॅटरी पार उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रीनविचच्या वेळेने दुपार झाल्यावर चार्जिंगला लावा. तारीख बदलली, दुखणं पळालं.

हमखास थांबणारा लूप हवाय? देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये तो देऊन ठेवलाय. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत). अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरा), आणि ६१७४ येईपर्यंत हेच चालू ठेवा. ३५२४ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. सातच्या वर फेरी जात नाही.

गणितज्ञ कोलात्झचा लूप मात्र महाबिलंदर. सम संख्या निम्मी करा, विषमची तिप्पट करून १ मिळवा, १ येईपर्यंत थांबू नका. २७ पासून निघालात तर ९२३२ पर्यंत चढून १११ पायऱ्यांनी १ येतो. कुठूनही निघालं तरी १ येतोच का, हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

मग लूप थांबेल की नाही, हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम लिहावा का? प्रत्येक प्रोग्रॅमला लागू पडेल असा लिहिताच येत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच दाखवलं.

न संपणारा लूप दर वेळी चूकच असतो असंही नाही. यंत्रांमधल्या चिप्समध्ये तो मुद्दाम घालतात. ॲपलच्या कुपर्टिनोतल्या जुन्या मुख्यालयाचा तर पत्ताच ‘१, इन्फिनिट लूप’. तो रस्ता शेजारच्या मारियानी अव्हेन्यूला मिळून खरोखर गोल पूर्ण करतो. गाडीत पेट्रोल आहे तोवर खुशाल चकरा मारा.