तापली कीं थांबते : पिकपच्या एका सेन्सरची चौकशी

गेल्या वैशाखांतील गोष्ट. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दोन पेट्या जळगांवाहून धुळ्यास पोंचवावयाच्या होत्या. आमच्या वसतिगृहांतील एका विद्यार्थ्याचे वडील यावल तालुक्यांतून केळीं भरून आपल्या पिकप गाडीनें तिकडेच निघाले होते. "सर, पेट्या टाका मागं, तुम्ही बसा पुढं," असें ते म्हणाले, आणि मी बसलों. पाळधी गेली, एरंडोल गेलें. पुढें भर दुपारीं, चांगल्या सपाट रस्त्यावर, एंजिन कसलीही कुरकुर न करितां एकदम बंद पडलें. फुंकर घालून दिवा मालवावा तसें.

मला वाटलें, आतां धांवपळ होईल. पण ते गृहस्थ शांतपणें उतरले, बॉनेट उघडून टेकण लाविली आणि म्हणाले, "वीस मिनिटं बसा सर. थंडी झाली की आपोआप चालू होईल."

तीन आठवडे हा प्रकार चालला होता. एका गॅरेजांत डिझेलचा फिल्टर बदलला. गाडी पुन्हां थांबली. मग बॅटरी बदलली, तरी थांबली. शेवटीं त्यांना सांगण्यांत आलें कीं, डिझेलचा पंप गेला आहे आणि त्यास २५,००० रुपये लागतील. गाडी कर्जावर घेतलेली. त्या गाडीवर हप्ता, त्या गाडीवर घर आणि त्याच गाडीवर मुलाची वसतिगृहाची फी. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें खरें. परंतु तें मानांकन दाखवून केळें उन्हांत टिकत नाहीं. माल उशिरा पोंचला कीं व्यापारी भाव पाडतो. गाडी विकून टाकावी आणि मुलास घरीं बोलवावें, इथपर्यंत त्यांच्या मनाची तयारी झालेली मला दिसली.

पुढें काय झालें तें सांगण्यापूर्वीं एंजिनाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. नाहींतर हें रहस्य उलगडावयाचें नाहीं.

जुन्या डिझेल एंजिनास विजेची गरज फक्त सुरू होण्यापुरती असे. पंप एंजिनाच्याच दांतेचाकांनीं फिरे आणि योग्य क्षणीं योग्य नळींत डिझेल ढकली. त्या एंजिनाला डोळे नव्हते व बुद्धीही नव्हती. तें चाकोरी सोडीत नसे, एवढाच त्याचा गुण. पण असें एंजिन धूर फार सोडी. १९९७ सालीं प्रवासी मोटारींत 'कॉमन रेल' नांवाची पद्धत आली. तींत पंपाचें काम केवळ दाब निर्माण करण्याचें. एका जाड नळींत हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाबानें डिझेल भरून ठेवावयाचें, आणि तें केव्हां व किती सोडावयाचें हें एका संगणकानें ठरवावयाचें. मिस्तरीलोक त्या संगणकास 'ईसीएम' म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांस 'भारत स्टेज ६' चा प्रदूषण-नियम लागू झाल्यापासून तर अशा संगणकावांचून डिझेलच्या पिकपचें पानही हलत नाहीं.

आतां हा संगणक एका बंद डबींत बसलेला. त्याला एंजिन दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, त्याची ऊब लागत नाहीं. सेन्सर, म्हणजेच संवेदक, हींच त्याचीं ज्ञानेंद्रियें. त्यांत सर्वांत महत्त्वाचा एक आहे : क्रँकचा सेन्सर. क्रँक म्हणजे ज्या मुख्य दांड्यावर सर्व दट्ट्ये जोडलेले असतात तो. त्याच्या बरोबर एक लोखंडी चाक फिरतें. पुष्कळ एंजिनांत या चाकाच्या कडेस ६० दांत्यांची जागा असते. त्यांतले दोन दांते मुद्दाम ठेवलेले नसतात. या खाचेवरून संगणकास कळतें कीं एक फेरा पुरा झाला.

सेन्सर या दांत्यांच्या समोर, सुमारे एक मिलीमीटर अंतरावर, स्थिर बसलेला असतो. त्याच्या पोटांत एक लोहचुंबक आणि त्याभोंवतीं केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. दांता समोर आला कीं चुंबकाचें क्षेत्र बदलतें, दांता गेला कीं पुन्हां बदलतें. आणि प्रत्येक बदलाबरोबर तारेंत विजेची एक लहानशी लाट उत्पन्न होते. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं शोधलेला जो नियम नववी-दहावीचे विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करितात, तोच हा. एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदास ५० फेरे झाले. फेऱ्यास ५८ दांते धरले तर सेकंदास २,९०० लाटा. ह्या लाटा मोजून संगणक डिझेल सोडण्याचा क्षण ठरवितो. त्या थांबल्या तर एंजिन कोठें आहे हें त्याला कळेनासें होतें, आणि कांहीं एंजिनें अशा वेळीं डिझेल पूर्ण बंद करितात. आंधळ्यानें गाडी हांकण्यापेक्षां थांबविणें बरें, हा त्याचा हिशेब.

असो. वीस मिनिटांनीं गाडी खरोखरच सुरू झाली आणि पारोळ्याच्या अलीकडे, एका चहाच्या टपरीजवळ, पुन्हां बंद पडली. टपरीला लागून पत्र्याची एक शेड होती व तींत एक वयस्क मिस्तरी काम करीत होते. हें आमचें भाग्य.

त्यांनीं पाना हातीं घेतलाच नाहीं. आधीं प्रश्न विचारले. थांबण्यापूर्वीं ओढ कमी होते का? गचके देते का? धूर येतो का? सर्वांचें उत्तर 'नाहीं'. मग ते म्हणाले, "सेल्फ मारा, आणि आरपीएमच्या काट्याकडे पाहा." सेल्फ फिरत होता, एंजिन फिरत होतें, काटा मात्र शून्यावर निपचित पडलेला. बहुतेक गाड्यांत हा काटा क्रँकच्या सेन्सरच्याच खबरीवर चालतो. तीन आठवडे ही खूण डोळ्यांसमोर होती. पाहिली कोणीच नाहीं.

नंतर त्यांनीं स्कॅनर लाविला. त्यावर दोन कोड आले. एक 'पी ०३३५', म्हणजे क्रँक-सेन्सरच्या मंडलांत दोष. दुसरा 'पी ००८७', म्हणजे रेलमधील दाब कमी. आधींच्या गॅरेजानें दुसरा वाचून पंपाला दोषी ठरविलें होतें. पण पंप फिरवितें कोण? एंजिन. एंजिन थांबल्यावर दाब पडणारच! मिस्तरी आपल्या अहिराणींत म्हणाले, "गाडी तपनी का बंद पडस, थंडी व्हयनी का चालू व्हस. मंग पंपनं काय चुकनं?" कारण कोणतें आणि परिणाम कोणता हें ओळखण्याचा इतका सोपा पाठ मी वर्गांत कधीं दिला नाहीं, हें मला मान्य केलें पाहिजे.

तरीही त्यांनीं लगेच नवा सेन्सर मागविला नाहीं, आणि येथेंच त्यांचें कसब. कोड हा केवळ तक्रारअर्ज आहे. तो अमुक मंडलांत बिघाड आहे इतकेंच सांगतो. त्या मंडलांत सेन्सर येतो, त्याच्या वायरी येतात, कपलर येतो आणि संगणकही येतो. म्हणून त्यांनीं प्रथम कपलर काढून आंत तेल किंवा गंज आहे का, पिना वांकल्या आहेत का, हें पाहिलें. वायर कोठें घासली आहे का, उंदरानें कुरतडली आहे का, हें बोटांनीं चांचपलें. दोन्ही वायरी शेवटपर्यंत अखंड आहेत, एकमेकींस किंवा गाडीच्या अंगास चिकटलेल्या नाहींत, याची मीटरनें खात्री केली. मग सेन्सर बाहेर काढला. चुंबकामुळें त्याच्या टोंकास कधीं कधीं लोखंडाचा कीस चिकटतो व लाटा विस्कटतात. येथें टोंक स्वच्छ होतें.

सेन्सर हातांत घेऊन त्यांनीं त्याच्या दोन पिनांना मीटर लाविला. ९२५ ओम. अशा गुंडाळीचा रोध बहुधा काहीं शें ओमांपासून हजारभर ओमांपर्यंत असतो. तेव्हां हा आंकडा अगदीं निरोगी. वडिलांचा चेहरा उतरला. मिस्तरी म्हणाले, "आत्ता हा थंड झालाय. याला ताप येऊं द्या."

टपरीवाल्याकडून एक पातेलें पाणी आलें आणि भट्टीवर चढलें. सेन्सर प्लास्टिकच्या पिशवींत घालून, तळाला टेकूं न देतां, त्या पाण्यांत लोंबता धरिला, वायरी मीटरला. माझ्या पेटींत तापमापक होताच. तो मी पाण्यांत बुडविला. चहाला आलेली मंडळी भोंवतीं जमली. मी आंकडे वाचीत गेलों. ६० अंशांवर ९९० ओम. ७० अंशांवर १,०३०. यांत कांहीं आश्चर्य नव्हतें. तांबें एक अंश तापलें कीं त्याचा रोध शेंकडा सुमारे ०.४ नें वाढतो, आणि आंकडे त्या नियमानें शिस्तींत चढत होते. ८० अंशांच्या जवळ मीटरवरचा आंकडा थरथरला आणि नाहींसा झाला. रोध अनंत, म्हणजे तार तुटलेली. पिशवी बाहेर काढून वाऱ्यावर धरिली, आणि थोड्या वेळानें आंकडा परत आला!

असें कां व्हावें? गुंडाळी पक्की राहावी म्हणून तिच्याभोंवतीं राळेसारखा पदार्थ ओतलेला असतो. उष्णतेनें तो तांब्यापेक्षां जास्त फुगतो. वर्षानुवर्षें ताणून तार एके ठिकाणीं तडकली होती. थंडपणीं दोन्ही टोंकें एकमेकांस टेकत, तापल्यावर दूर होत. खानदेशांत वैशाखांत सावलींतला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. बॉनेटखालीं एंजिनाजवळ मग ८० अंश होण्यास वेळ तो कसला?

तीन पिनांच्या सेन्सरवर मात्र हा प्रयोग करूं नये. तो बहुधा एडविन हॉलनें १८७९ सालीं शोधलेल्या परिणामावर चालतो; त्याच्या आंत नाजूक मंडल असतें व ओम मोजूं गेल्यास तें बिघडण्याचा संभव असतो. तेथें त्याला वीज मिळते का आणि तो खूण पाठवितो का, एवढेंच पाहावयाचें. एंजिनाच्या पाण्याचें तापमान सांगणाऱ्या सेन्सरची गंमत आणखी निराळी. त्याचा रोध तापल्यावर कमी होतो. २० अंशांवर सुमारे २,५०० ओम असेल तर ८० अंशांवर तीनशेंच्या आसपास. त्याचा कपलर काढल्यास कित्येक गाड्यांच्या स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात. जळगांवच्या उन्हांत उणे ४०! अशी थंडी स्कॅनरवर आधींपासूनच दिसली तर वायर तुटली आहे किंवा सेन्सर गेला आहे असें समजावें.

नवा सेन्सर पारोळ्यांतून आला. मिस्तरींनीं जुन्यावरचा क्रमांक नव्याशीं अक्षरशः ताडून पाहिला. दिसण्यांत सारखा पण चुंबक दुबळा, असा नकली माल बाजारांत असतो. बदलणें दहा मिनिटांचें काम. किल्ली बंद, बॅटरीची उणे बाजूची वायर सुटी, भोंक पुसून स्वच्छ, रबरी ओ-रिंगला तेलाचें बोट, सेन्सर हातानेंच सरळ दाबलेला, हातोडी नाहीं. बोल्ट बेताचा आंवळला. वायर सायलेन्सरपासून दूर नेऊन तिच्या क्लिपांत बसविली, कोड पुसले आणि एंजिन भर उन्हांत अर्धा तास चालू ठेविलें. काटा हलत होता. कांहीं गाड्यांत नवा सेन्सर स्कॅनरनें संगणकास ओळखून द्यावा लागतो; या गाडींत तशी गरज पडली नाहीं.

मुलांनो, एक ताकीद. हें सर्व पाहून घरच्या गाडीचे नट सोडूं नका. एंजिन चालू असतां डिझेलच्या जाड नळ्यांना तर हातही लावूं नये. तेथून सुईएवढी धार सुटली तरी ती कातडी भेदून आंत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येते.

सेन्सर व मजुरी मिळून १,८०० रुपये झाले. केळीं संध्याकाळीं धुळ्यास उतरलीं. थोडीं पिवळीं पडलीं होतीं, म्हणून व्यापाऱ्यानें भाव कमी केलाच. मुलगा जूनमध्यें वसतिगृहांत परत आला.

जुना सेन्सर मीं मागून घेतला. तो आमच्या प्रयोगशाळेंत, डाव्या हाताच्या कपाटांत, तापमापकांच्या शेजारीं ठेवला आहे. इच्छा असेल त्यानें मधल्या सुट्टींत येऊन मीटर लावून पाहावा. आंकडा ८० अंशांच्या आसपास अजूनही नाहींसा होतो. पाणी मात्र ज्याचें त्यानें तापवावें.