वाकडं पाऊल सरळ कसं होतं?

धानोरा तालुक्यातल्या एखाद्या टोल्यावर ऐन रोवणीच्या दिवसांत बाळ जन्माला आलं आहे, असं समजू या. बाळ नीट रडलं, अंगावर पिऊ लागलं. पण त्याचा उजवा पाय वेगळा दिसतो. तळवा आत वळलेला, टाच वर ओढलेली, बोटं खाली झुकलेली. घरात शोध सुरू होतो, आईनं ग्रहणात काही चिरलं होतं का? कुणीतरी जाणतं माणूस धीर देतं, ‘मालिश करा, चालायला लागलं की होईल सरळ.’

या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. ग्रहणाचा इथे काही संबंध नाही आणि आईचा काही दोष नाही. हा दोष नेमका कशामुळे होतो हे पूर्णपणे कळलेलं नाही. आनुवंशिकतेचा त्यात काही वाटा असतो. आणि नुसत्या मालिशनं हे पाऊल सरळ होत नाही. तसंच राहिलं तर मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर, पुढे तर पावलाच्या वरच्या बाजूवर भार देऊन चालतं. तिथे घट्टे पडतात, जखमा होतात. या दोषाला क्लबफूट म्हणतात. हजारामागे साधारण एका बाळात तो आढळतो. मुलींपेक्षा मुलग्यांत दुप्पट आणि जवळपास निम्म्या बाळांत दोन्ही पायांना.

स्वतःच्या पायावर पाहा

खुर्चीवर बसा, एक पाय उचला आणि तळवा दुसऱ्या पायाकडे वळवा. पाऊल आत वळताना टाचही आपोआप आत वळते. आता बोटं खाली ताणा. क्लबफूटची ठेवण अशीच असते. फरक इतकाच की आपण पाऊल परत आणू शकतो, बाळाचं पाऊल त्या स्थितीत आखडलेलं असतं.

टाच आणि पाऊल एकत्र का वळतात? नडगीच्या खाली घोट्याचं एक हाड असतं. त्याला एकही स्नायू जोडलेला नसतो. त्याच्या खालची आणि पुढची हाडं अस्थिबंधांनी एकमेकांना बांधलेली असतात आणि त्याच्याभोवती एकदमच फिरतात. क्लबफूटमध्ये ही सगळी हाडं आत फिरून बसलेली असतात आणि आतल्या बाजूचे अस्थिबंध आखूड, जाड झालेले असतात.

उपचाराची किल्ली यातच आहे. पूर्वी डॉक्टर पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी अंगठा रोवून पाऊल सरळ करायला पाहत. त्यामुळे टाचेचं हाडच अडकून पडे. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी हे मूळचे स्पेनचे. यादवी युद्धानंतर ते देश सोडून अखेर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात आले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पावलाच्या रचनेचा बारकाईनं अभ्यास केला आणि अंगठ्याची जागा बदलली. आधार द्यायचा तो घोट्याच्या हाडाच्या पुढच्या टोकाला, आणि बाकीचं पाऊल त्याभोवती हळूहळू बाहेर फिरवायचं.

सहा आठवडे आणि एक छोटा छेद

नवजात बाळाच्या पावलात पक्कं हाड थोडं, मऊ कूर्चा जास्त असते. अस्थिबंधांचे तंतू सूक्ष्म पातळीवर लहरदार असतात. हळूच ताणले की त्या लहरी उलगडतात. ताण तसाच धरून ठेवला की काही दिवसांत त्या पुन्हा तयार होतात आणि आणखी थोडं ताणता येतं. म्हणून डॉक्टर मिनिटभर पाऊल हलकेच ताणतात आणि मांडीपर्यंत प्लॅस्टर घालतात. आठवड्यानं ते काढून पुन्हा ताणतात, नवं घालतात. साधारण पाच ते सात प्लॅस्टरांत पाऊल बाहेर वळतं.

राहते ती वर ओढलेली टाच. टाचेमागची जाड शीर बोटांनी चाचपून पाहा. ही कंडरा. ती सहज ताणली जात नाही. म्हणून बहुतेक बाळांत ती जागा बधिर करून बारीक पात्यानं कंडरा कापतात. मग तीन आठवडे शेवटचं प्लॅस्टर. तेवढ्यात कंडरा पुन्हा जुळून येते, पण वाढलेल्या लांबीची!

पोन्सेटींनी हे निष्कर्ष १९६३ साली प्रसिद्ध केले, तरी कित्येक वर्षं मोठ्या शस्त्रक्रियांचाच जोर राहिला. असे पाय पुढे ताठर आणि दुखरे होतात, हे लक्षात यायला वेळ लागला. १९९५ साली आयोवातल्या जुन्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे ३४ वर्षं वयाला त्यांच्यापैकी ७८ टक्क्यांचे पाय चांगले होते. जन्मतः दोष नसलेल्या लोकांत हे प्रमाण ८५ टक्के होतं. पुढे युगांडा, मलावी यांसारख्या देशांत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनीही हे प्लॅस्टर घालून दाखवलं.

अवघड भाग पुढेच

उपचार स्वस्त आणि साधे आहेत. अवघड आहे ते टिकून राहणं. धानोऱ्याहून गडचिरोली तीस-पस्तीस किलोमीटर. टोल्यावरून आधी धानोऱ्याला यायचं. पावसात नाल्याला पूर आला की तो आठवडा चुकतो. रोवणीची मजुरी बुडते. प्लॅस्टर भिजतं. आणि बोटं प्लॅस्टरच्या आत गेली तर ते घसरलं आहे, बोटं निळी पडली तर ते आवळतं आहे, हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दोन्ही वेळी दवाखाना तातडीनं गाठावा लागतो.

प्लॅस्टर संपल्यावर पट्टीनं जोडलेले दोन बूट मिळतात. तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत झोपेच्या वेळी. नेमकी इथेच घसरण होते. पाऊल तर छान दिसतं, मूल धावतं, मग रात्री रडवायचं कशाला? बूट कोपऱ्यात जातात आणि पाऊल हळूहळू पुन्हा आत वळू लागतं. दोष उलटण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

आपला वाटा

धानोरा तालुक्यातच चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९०च्या दशकात जिल्ह्यातल्या ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. २०११पासून देशभर आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत ठरावीक भेटी देतात. वाकडं पाऊल सर्वांत आधी त्यांनाच दिसू शकतं. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही क्लबफूट आहे. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतात.

पण झोपताना बूट घालायचं वय म्हणजे अंगणवाडीचं वय. तेव्हा आशाताईंच्या ठरावीक भेटी संपलेल्या असतात आणि मूल आपल्या डोळ्यांसमोर असतं. वर्गात एखादी ताई किंवा दादा सांगतो, ‘बाईचा पाय वाकडा आहे, बाईला बूट घालतात.’ आपण एवढंच विचारू या, ‘काल रात्री घातले होते का?’ नसतील तर संध्याकाळी घरी एक चक्कर. बूट लहान झाले असतील, तेवढंच कारण निघेल. चालताना पाऊल आत वळलेलं दिसलं तर पथकाची वाट न पाहता पालकांना दवाखान्यात पाठवू या. मूल मोठं झालं असलं तरी पाठवायचंच. उशिरा सुरू केलेल्या उपचारांचाही उपयोग होतो.

पोटरी थोडी बारीक राहील, पाऊल थोडं लहान राहील. पण तळवा जमिनीला पूर्ण टेकेल आणि त्यावर ते मूल रोज शाळेत चालत येईल.