मोरी गुडगुडते तेव्हा

वरच्या मजल्यावर कोणी बादलीभर पाणी ओतले की तुमच्या मोरीत 'गुडगुड' असा आवाज येतो का? येत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका.

मोरीच्या जाळीखाली पाणी साठवून धरणारा एक वाकडा भाग बसवलेला असतो. त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. (आपल्या 'न्हाणी'चेच हे नाव. भारतातल्या इंग्रजी पुस्तकांतही ते तसेच छापतात!) त्यात सुमारे ५० मिलिमीटर पाणी नेहमी उभे असते. गटारातील वायू घरात येऊ न देणारे दार म्हणजे एवढेच पाणी. बेसिनखालची वाकडी नळी हेच काम करते.

मग हे दार उघडते कसे? एक स्ट्रॉ पाण्यात बुडवा, वरचे तोंड बोटाने घट्ट दाबा आणि ती बाहेर काढा. आतले पाणी पडत नाही. बोट उचलले की पडते. पाणी खाली जायचे तर मागून हवा यावी लागते. इमारतीच्या उभ्या नळातून पाणी वेगाने उतरते, तेव्हा त्याच्यामागे हवेचा दाब कमी होतो. गच्चीच्या वर तोंड उघडे ठेवलेला वायुनळ, म्हणजे व्हेंट पाइप, ही तूट भरून काढतो. तोच बुजला तर हवा तुमच्या ट्रॅपमधून ओढली जाते. गुडगुड होते ती यामुळे, आणि तिच्याबरोबर ट्रॅपमधले पाणीही निघून जाते.

एकच बेसिन सावकाश रिकामे होत असेल, तर दोष बहुधा त्याच्याच नळीत अडकलेल्या केसाकचऱ्याचा. मोरीतून घाण पाणी उलटे वर येत असेल, तर खालचा नळ तुंबला आहे. परंतु पाणी दुसरीकडे सोडले आणि गुडगुड मात्र इथे झाली, तर वायुनळाचा संशय घ्यावा. घरातल्या मोठ्या माणसांना गच्चीवर पाहायला सांगा. नळाच्या टोकावरच्या जाळीत पाने किंवा कबुतराच्या घरट्याच्या काड्या अडकलेल्या असतात. कधी गच्चीची दुरुस्ती करताना ते तोंडच सिमेंटने लिंपले जाते! जाळी साफ करून पुन्हा बसवावी, नाहीतर डास होतात. कचरा खोल उतरला असेल, तर ते काम प्लंबरचे. नळात वाकून वास मात्र घेऊ नका. त्या हवेत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असू शकतो.

सुट्टीवरून परतल्यावर बंद घरात दुर्गंधी येते तेव्हा वायुनळ निर्दोष असतो. ट्रॅपमधले पाणी नुसते सुकलेले असते. ही गोष्ट क्षुल्लक नाही. २००३ साली हाँगकाँगमधील 'अमॉय गार्डन्स' या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवाशांना सार्स झाला. न्हाणीघरांतील ट्रॅप कोरडे पडले होते आणि हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांनी सांडपाण्याच्या नळातले विषाणूयुक्त तुषार घरात ओढले, असे चौकशीत दिसून आले.

वापरात नसलेल्या मोरीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. गावाला जाताना वर चमचाभर गोडेतेल सोडले, तर पाणी लवकर उडत नाही.