गिरणीचा भोंगा आणि बोलका संगणक

डिलाईल रोडवर राहणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारा, लहानपणी सकाळी किती वाजले हे त्यांना कसे कळत असे? बहुधा ते घड्याळाचे नाव घेणार नाहीत, गिरणीच्या भोंग्याचे घेतील. भोंगा झाला की पाळीची वेळ झाली हे चाळीतल्या साऱ्यांना कळे. अक्षरओळख नसलेल्याला कळे, अंध माणसालाही कळे. ज्याला ऐकू येत नसे त्याला घड्याळ पाहता येई. माहिती एकच, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा दोन.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आज त्यांतील कित्येकांच्या आवारात काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि आत साच्यांऐवजी संगणक चालतात. संगणकाच्या पडद्यावरची माहिती मात्र पुष्कळदा एकाच वाटेने जाते, ती म्हणजे डोळ्यांच्या. तिला दुसरी वाट आहे का? आणि ती वाट बुजलेली असेल तर कुठे बुजली आहे, हे कसे शोधतात?

आधी हे पाहू, की अंध विद्यार्थी संगणक वापरतो तरी कसा. तो माउसला हात लावत नाही. कळफलकावरील टॅब, बाण आणि एंटर या कळांनी तो पानावर फिरतो, आणि स्क्रीन रीडर नावाची आज्ञावली त्याला प्रत्येक गोष्ट वाचून दाखवते. अशी एनव्हीडीए ही आज्ञावली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये लिहावयास घेतली. ती फुकट मिळते आणि मराठीही वाचते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. स्क्रीन रीडर पडद्याकडे 'पाहत' नाही. आपल्याला जे पान दिसते त्याच्यामागे खुणांचा एक सांगाडा असतो: हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, ही नाव लिहिण्याची चौकट. स्क्रीन रीडर हा सांगाडा वाचतो. चित्राच्या खुणेजवळ चित्राचे वर्णन लिहिलेले असेल तर तो ते सांगेल; नसेल तर "चित्र" एवढेच म्हणेल, किंवा फाइलचे अगम्य नाव उच्चारील.

आता कल्पना करा, दहावी झालेली एक अंध मुलगी अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरते आहे. पडद्यावर चौकटीशेजारी 'आईचे नाव' असे छापलेले दिसते, पण सांगाड्यात ते शब्द त्या चौकटीशी जोडलेलेच नाहीत. तिला ऐकू येते, "लिहिण्याची जागा, रिकामी." पुढची चौकट, "लिहिण्याची जागा, रिकामी." अशा वीस जागा! अर्जाची मुदत तर आज संपते. लोअर परळचा पूल जुलै २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि नवा पूल पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. पण तेव्हा लोकांना वळसा घालून जाता तरी येत होते. या मुलीला वळसाही नाही. दुसऱ्या कुणाला तरी आपला सांकेतिक शब्द सांगून अर्ज भरून घ्यायचा, एवढेच तिच्या हाती उरते.

हा दोष दुरुस्त करणे मात्र फार सोपे आहे. चौकटीला एक नाव द्यायचे आणि लेबलात त्याच नावाचा उल्लेख करायचा. एका ओळीचे काम! अवघड असते ते हजारो पानांतून असे दोष हुडकणे. त्यासाठी तपासणीच्या आज्ञावल्या तयार झाल्या आहेत. ॲक्स, वेव्ह, लाइटहाउस ही त्यांतील काही नावे. त्या पानाचा सांगाडा उघडतात आणि एकेक नियम लावून पाहतात: प्रत्येक चित्राला वर्णन आहे का? प्रत्येक चौकटीला लेबल आहे का? पान कोणत्या भाषेत आहे हे सांगितले आहे का? हे नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रथम १९९९ मध्ये प्रसिद्ध केले.

एक नियम गणिताचा आहे, तो तुम्हाला आवडेल. अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर काढतात. काळ्यावर पांढरे असेल तर ते २१ येते, आणि लहान अक्षरांसाठी ते निदान ४.५ हवे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळे अक्षर? फक्त १.०७. निळे? ८.६. आणि आपल्याला एवढा भडक वाटणारा लाल रंग? ४.० च्या आसपास, म्हणजे थोडक्यात नापास. याचे कारण असे की, या हिशेबात हिरव्या प्रकाशाचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ धरतात, कारण आपला डोळाच प्रकाशाला तसा प्रतिसाद देतो.

मग या आज्ञावलीने 'ठीक' म्हटले की झाले का? मुळीच नाही. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने २०१७ मध्ये मुद्दाम १४० हून अधिक दोष भरलेले एक पान बनवले आणि अनेक तपासणी साधने त्यावर सोडली. सर्वांत हुशार साधनालाही सुमारे ४० टक्केच दोष सापडले! चित्राला वर्णन 'आहे' एवढे यंत्राला कळते. सूर्याच्या चित्राखाली 'बैलगाडी' लिहिले असेल तर ते त्याला काय कळणार?

मराठीत तर याहून मौजेचा घोटाळा आहे. संगणक अक्षरे साठवतो ती क्रमांकांच्या रूपाने. युनिकोड या जागतिक पद्धतीत 'क' चा क्रमांक २३२५ आहे. पण युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीची चित्रे बसवली होती. कृतिदेव या फॉन्टमध्ये 'भारत' लिहिले, तर डोळ्यांना भारत दिसते. सांगाड्यात मात्र इंग्रजी अक्षरे असतात. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ती एच, के, के, जे, आर अशी पाच अक्षरे! तपासणीच्या आज्ञावलीला मजकूर दिसतो, रंगही योग्य दिसतात, आणि ती पान खुशाल पास करते. ऐकणाऱ्याच्या कानी मात्र नुसती बडबड येते. सारा मजकूर युनिकोडमध्ये बदलणे, हाच यावर उपाय. शिवाय भाषा मराठी असल्याची खूणही हवी. ती नसली आणि हिंदी आवाजाने वाचावयास घेतले, तर 'चाक' मधला च 'चंद्र' मधल्या च सारखा ऐकू येतो.

म्हणून यंत्रानंतर माणूस लागतो, आणि तोही असा, ज्याला ही अडचण रोज भोगावी लागते. मुंबईत शिल्पी कपूर यांनी स्थापन केलेल्या बॅरियरब्रेक या संस्थेत संकेतस्थळे तपासणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतः अपंग आहेत. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातही २००३ पासून दृष्टिहीनांसाठी एक केंद्र काम करते आहे.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल येथे सांगायला हवा. बँकेच्या ओळख-तपासणीत कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकावण्यास सांगतात. ॲसिडहल्ल्यात डोळे जळालेल्या स्त्रियांनी ते कसे करावे? डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि अशा सेवांची जाणकारांकडून वेळोवेळी तपासणी करण्याचा आदेश दिला. पापण्यांची अट लिहिलेल्या पानावर कदाचित एकही लेबल चुकलेले नसेल!

आता तुम्हीच तपासनीस व्हा. शाळेच्या संगणकावर तुमच्या शाळेचे किंवा दुसरे कोणतेही मराठी संकेतस्थळ उघडा आणि माउस बाजूला ठेवा. केवळ टॅब कळ दाबत जा. आपण कोणत्या दुव्यावर आहोत हे दर वेळी दिसते का? एखाद्या ठिकाणी अडकून पडता का? मग एक मराठी वाक्य निवडून त्याची नक्कल साध्या टिपण-पानावर चिकटवा. मराठीच उमटले तर उत्तम. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, तर त्या पानाचे नाव व तारीख वहीत लिहा आणि गुरुजींच्या किंवा बाईंच्या सहीने ते संकेतस्थळ चालवणाऱ्यांना एक पत्र पाठवा.