‘ग्रुप बी’ची आठवण आणि रॅलीचे खरे दुखणे

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेची, म्हणजेच डब्ल्यूआरसीची, रया गेली आहे हे तिच्या कट्टर चाहत्यांनाही नाकारता येत नाही. रहदारी बंद केलेले घाट, जंगलातले मुरमाचे रस्ते आणि बर्फाळ वाटा यांचे टप्पे आखायचे, ज्यांना ‘स्टेज’ म्हणतात, त्यांवर एकेक गाडी ठरावीक अंतराने सोडायची आणि सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी त्याला विजेता ठरवायचे, अशी ही १९७३ पासून चालत आलेली स्पर्धा आहे. परंतु तिच्या सर्वोच्च गटात २०२० पासून टोयोटा, ह्युंदाई आणि एम-स्पोर्ट या खासगी संघाच्या आधाराने टिकलेली फोर्ड एवढीच नावे उरली आहेत, आणि दोनदा विश्वविजेता ठरलेला काले रोव्हानपेरा २०२५ च्या अखेरीस, ऐन पंचविशीत, रॅली सोडून सर्किटवरच्या शर्यतींकडे वळला. दुखणे खरे आहे. त्याचे निदान म्हणून मात्र एकच वाक्य वर्षानुवर्षे फिरवले जाते: ‘ग्रुप बी’च्या राक्षसी गाड्या १९८६ मध्ये बंद केल्या तेव्हाच रॅली मेली, आणि ती ताकद परत आणली की प्रेक्षक व कंपन्या आपोआप परततील. हे वाक्य इतक्यांदा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे.

‘ग्रुप बी’ हा १९८२ मध्ये अमलात आलेला गाड्यांचा वर्ग होता. त्यात पात्र ठरण्यासाठी कंपनीला एका मॉडेलच्या फक्त २०० गाड्या तयार कराव्या लागत, तर शेजारच्या ‘ग्रुप ए’ या वर्गासाठी तेव्हा ५,००० गाड्यांची अट होती. एवढी सवलत मिळाल्यावर कंपन्यांनी रस्त्यावरच्या गाडीशी नाममात्र नाते असलेली यंत्रे बांधली. आउडी क्वाट्रोच्या अखेरच्या आवृत्तीची आणि टर्बोचार्जर व सुपरचार्जर दोन्ही बसवलेल्या लान्सिया डेल्टा एस४ ची ताकद ५०० अश्वशक्तीच्या आसपास सांगितली जाते. या यंत्रांना आवर घालू शकतील असे चालक थोडे होते आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गर्दीला तर आवर घालणारे कोणीच नव्हते. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत जोआकिम सांतोस याची फोर्ड आरएस२०० गर्दीत घुसून तीन प्रेक्षकांचा बळी गेला आणि तीसहून अधिक जखमी झाले, तेव्हा प्रमुख संघांच्या चालकांनी रॅलीतून अंग काढून घेतले. पुढे २ मे १९८६ रोजी कोर्सिकात हेन्री तोईवोनेन आणि त्याचा सहचालक सेर्जियो क्रेस्तो डेल्टा एस४ सह दरीत कोसळून जळाले. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच रॅलीत आणि त्याच तारखेला, लान्सियाचाच अत्तिलियो बेतेगा मरण पावला होता. बंदी १९८७ पासून लागू झाली. तिला ‘नोकरशाहीचा भित्रेपणा’ म्हणणाऱ्यांनी या तारखा एकदा एकाखाली एक लिहून पाहाव्यात.

आता प्रश्न बंदीनंतर काय झाले याचा. रॅली खरोखरच १९८६ मध्ये मेली असती, तर त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे हा खेळ ओसाड दिसायला हवा होता. प्रत्यक्षात तो याच काळात सर्वाधिक फुलला. लान्सिया डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे उत्पादक कंपन्यांचे अजिंक्यपद मिळवले, मागोमाग टोयोटा, सुबारू आणि मित्सुबिशी पुढे आल्या, कॉलिन मॅकरे १९९५ मध्ये विश्वविजेता झाला, टॉमी मॅकिनेनने १९९६ पासून सलग चार विजेतेपदे पटकावली, आणि २००० च्या मोसमात प्यूजो, फोर्ड, सुबारू, मित्सुबिशी, स्कोडा, सिआट आणि ह्युंदाई अशा सात कंपन्या अजिंक्यपदासाठी मैदानात होत्या. सुबारू इम्प्रेझा किंवा मित्सुबिशी लान्सर हे शब्द ज्यांच्या तोंडी आजही आहेत, त्यांची रॅलीची आठवण याच काळातली असते. तरीही त्यांतले अनेकजण हळहळतात ती ‘ग्रुप बी’साठी.

या सुकाळातल्या गाड्यांची अधिकृत ताकद ३०० अश्वशक्तीच्या आसपास होती, आणि ती तेवढीच राहावी यासाठी टर्बोचार्जरच्या तोंडाशी ३४ मिलिमीटर व्यासाचे एक कडे बसवणे सक्तीचे होते. ‘रेस्ट्रिक्टर’ नावाचे हे कडे इंजिनात जाणारी हवाच मोजून सोडते, आणि हवा मर्यादित असली की कितीही इंधन ओतले तरी ताकद एका पातळीपुढे वाढत नाही. हा तुकडा किती निर्णायक होता हे १९९५ च्या कातालुन्या रॅलीत दिसले: टोयोटाच्या टर्बोची जोडणी अशी केलेली आढळली की नळीचा पट्टा आवळताच आतल्या स्प्रिंगा ते कडे काही मिलिमीटर सरकवत आणि हवेला बाजूने चोरवाट मिळे, तर तपासणीसाठी जोडणी उघडली की सारे पुन्हा निष्पाप दिसे. कंपनीचे त्या वर्षीचे गुण काढून घेण्यात आले आणि तिच्यावर बारा महिन्यांची बंदी आली. सांगायचा मुद्दा असा की कंपन्या या ३०० अश्वशक्तीच्या चौकटीत जिंकण्यासाठी एवढ्या इरेला पेटलेल्या होत्या. ताकद कमी म्हणून कोणी घरी बसले नव्हते.

‘आजच्या गाड्या मिळमिळीत आहेत’ हा याच समजाचा धाकटा भाऊ. ऑगस्ट २०२५ च्या फिनलंड रॅलीत विजेत्या रोव्हानपेराचा सर्व टप्प्यांवरचा सरासरी वेग ताशी १२९.९५ किलोमीटर होता, आणि डब्ल्यूआरसीच्या इतिहासात याहून वेगवान रॅली झालेली नाही. ‘ग्रुप बी’च्या गाड्या सरळ रस्त्यावर भयंकर होत्या हे खरे, पण रॅली वळणांवर, उंचवट्यांवर आणि उतरणींवर जिंकली जाते, आणि तेथे सस्पेन्शन, टायर आणि डिफरन्शियल यांत झालेल्या सुधारणांपुढे जुन्या गाड्यांचा निभाव लागणार नाही. तोईवोनेनने पोर्तुगालमधल्या एस्तोरिलच्या सर्किटवर डेल्टा एस४ अशी पळवली की फॉर्म्युला वनच्या रांगेत तिला सहावे स्थान मिळाले असते, ही दंतकथा छापील लेखांतही बिनदिक्कत येते. तिच्यामागे अधिकृत वेळनोंद नाही.

ताकद वाढवून कंपन्या येतात का, याचा प्रयोग तर अलीकडेच करून झाला आहे. २०२२ मध्ये ‘रॅली१’ हा नवा सर्वोच्च वर्ग आला, त्यात पेट्रोल इंजिनाला १०० किलोवॅटच्या विद्युत मोटरची आणि ३.९ किलोवॅट-तास क्षमतेच्या बॅटरीची जोड मिळाली, आणि दोन्ही मिळून काही क्षणांपुरती ५०० हून अधिक अश्वशक्ती उपलब्ध झाली, म्हणजे आकड्यांपुरता ‘ग्रुप बी’ परतला. एकही नवी कंपनी आली नाही. वाढला तो खर्च आणि वाढली ती कटकट, कारण मोटर व बॅटरीचा संच एकाच पुरवठादाराकडून मोहोरबंद येई, संघांना तो उघडता येत नसे, आणि अपघातानंतर गाडीवरचा सुरक्षिततेचा हिरवा दिवा लागल्याशिवाय तिला हात लावण्यास मनाई होती. २०२५ पासून हा संच काढून टाकण्यात आला, किमान वजन १,२६० वरून १,१८० किलोवर आणले गेले आणि रेस्ट्रिक्टर ३६ वरून ३५ मिलिमीटर झाला. वर उल्लेखिलेला फिनलंडचा विक्रम या बॅटरीविना धावलेल्या गाडीने केला आहे.

बाकीचे समज थोडक्यात निकाली काढता येतात. ‘एकाच चालकाच्या वर्चस्वामुळे लोक कंटाळले’ यात थोडे तथ्य आहे, कारण २००४ ते २०२१ या अठरा मोसमांपैकी सतरा सेबास्तियन लोब आणि सेबास्तियन ओजिए या दोन फ्रेंच चालकांनी जिंकले, परंतु मॅकिनेनच्या चार सलग विजेतेपदांनी कोणी कंटाळले नव्हते. ‘टीव्हीवर दाखवतच नाहीत’ हे २०१८ पासून खोटे आहे, कारण तेव्हापासून सर्व टप्पे थेट दाखवले जातात. मात्र त्यासाठी वर्गणी भरावी लागते, आणि नवखा प्रेक्षक वर्गणी भरून खेळाची ओळख करून घेत नसतो. ‘नियम समजत नाहीत’ ही तक्रार रास्त होती: २०२४ च्या गुणपद्धतीत स्वीडनची रॅली जिंकणाऱ्या एसापेक्का लाप्पीपेक्षा दुसऱ्या आलेल्या एल्फिन एव्हान्सला अधिक गुण मिळाले, आणि ती पद्धत वर्षभरातच बदलावी लागली. भारतात अनेकांना डाकार म्हणजेच डब्ल्यूआरसी वाटते. डाकार ही वाळवंटातली अनेक दिवसांची ‘रॅली-रेड’ असून तिची जागतिक मालिका स्वतंत्र आहे, आणि हरिथ नोआने २०२४ मध्ये डाकारच्या एका दुचाकी वर्गात मिळवलेला विजय त्या खात्यातला आहे. भारतीय नावे डब्ल्यूआरसीच्या इतिहासात हवीच असतील तर पूर्व आफ्रिकेकडे पाहावे, जेथे भारतीय वंशाच्या शेखर मेहता यांनी सफारी रॅली पाच वेळा आणि जोगिंदर सिंग यांनी तीन वेळा जिंकली.

मग कंपन्या का जातात? प्रत्येकीचे कारण निराळे असते आणि त्यात अश्वशक्तीची तक्रार शोधूनही सापडत नाही. सुबारू आणि सुझुकी २००८ च्या आर्थिक मंदीत बाहेर पडल्या. सलग चार वर्षे चालकांचे आणि कंपन्यांचे अशी दोन्ही अजिंक्यपदे जिंकणारी फोक्सवॅगन २०१६ च्या अखेरीस गेली ती डिझेल-उत्सर्जन घोटाळ्याच्या दणक्याने. आणि सित्रोएनने २०१९ नंतर गाशा गुंडाळला तो ओजिए संघ सोडून गेल्यावर. समान धागा पैशाचा आहे. ‘रॅली१’ची एक गाडी दहा लाख युरोंच्या घरात जाते असे सांगितले जाते, त्यामुळे खासगी चालकाला ती परवडत नाही आणि सर्वोच्च गटात जेमतेम दहा-बारा गाड्या उतरतात; त्याच वेळी एक पायरी खालच्या, सुमारे २९० अश्वशक्तीच्या ‘रॅली२’ गटात स्कोडा, टोयोटा, ह्युंदाई, सित्रोएन आणि फोर्ड अशा कंपन्यांच्या गाड्या जगभर विकल्या जातात.

एफआयए या नियामक संस्थेने २०२७ साठी ठरवलेले नियम याच निरीक्षणावर उभे आहेत. नव्या गाडीची किंमत ३,४५,००० युरोंपर्यंत मर्यादित असेल, तिची ताकद पुन्हा ३०० अश्वशक्तीच्या आसपास राहील, यांत्रिक भाग बहुतांशी ‘रॅली२’चे असतील, दोन्ही प्रकारच्या गाड्या एकमेकींशी स्पर्धा करतील, आणि मोठ्या कंपन्यांबरोबरच स्वतंत्र कारखान्यांनाही गाडी बांधता येईल. या नियमांवर ‘आता रॅली आणखी मंदावणार’ अशी जी ओरड चालू आहे ती करणाऱ्यांनी २००० सालचे आकडे विसरू नयेत. खरी शंका निराळी आहे: जुनी ‘रॅली२’ गाडी तेवढीच वेगवान ठरणार असेल, तर कंपनीने नवी गाडी बांधायचीच कशासाठी? त्याचे उत्तर गाडीच्या सांगाड्यात शोधले गेले आहे. पोलादी नळ्यांच्या प्रमाणित पिंजऱ्यावर हॅचबॅक, सेदान किंवा एसयूव्ही अशा कोणत्याही आकाराचे कवच चढवण्याची मुभा मिळणार आहे. ही मुभा नसती तर ज्या छोट्या हॅचबॅकवर आजची ‘रॅली२’ उभी आहे त्यांच्याबरोबर हा गटही आटत गेला असता, कारण कंपन्या त्या गाड्या एकामागून एक बंद करत आहेत. फोर्डच्या फिएस्टाचे उत्पादन जुलै २०२३ मध्येच थांबले, आणि रॅलीतली फिएस्टा अजून धावते आहे.