कट्ट्यावरून मैदानाकडे

सकाळी सहा-साडेसहाला रोह्यात कुंडलिकेच्या काठी किंवा पेणमधून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर निवृत्त मंडळी हमखास भेटतात. कोणी शिक्षक, कोणी बँकेतले, कोणी एसटीतले, कोणी धाटावच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. दोन फेऱ्या, मग चहा आणि मग ऊन वर येईपर्यंत कट्टा. मुले मुंबई-पुण्याला असलेल्यांसाठी हा कट्टा औषधापेक्षा कमी नाही. नेरळला, माथेरानच्या पायथ्याशी, डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांसाठी वसाहत उभी केली आहे. पेण-रोह्याच्या बहुतेक ज्येष्ठांची वसाहत म्हणजे स्वतःचे जुने घर आणि गावातला ज्येष्ठ नागरिक संघ. तिथे वाढदिवस होतात, सहली होतात, भजन होते, आरोग्यावर व्याख्यानेही होतात. खेळ मात्र फारसा होत नाही. झाला तर कॅरम, तोही बसून.

फिरायला जाणारे आजोबा फिरताना क्वचित पडतात. ते पडतात न्हाणीघरात, रात्री लघवीला उठल्यावर, किंवा जुलैत शेवाळ धरलेल्या अंगणात. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने पायरी, ओटा, विहिरीचा काठ, सगळे निसरडे. तरुण माणूस घसरतो, हात टेकून उठतो आणि आजूबाजूला कोणी पाहिले नाही ना, याची खात्री करतो. सत्तरीतल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते. जगभरातल्या नोंदी पाहिल्या, तर खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो. जे वाचतात त्यांतल्या अनेकांना पुन्हा आधाराशिवाय चालता येत नाही.

पडण्याला नुसते म्हातारपण जबाबदार नसते. तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान आणि पायाचे तळवे व सांधे. मोतीबिंदूने पहिली खबर धूसर होते, जुन्या मधुमेहाने तिसरी. भरीला रक्तदाबाची गोळी घेऊन झटकन उठल्यावर येणारी चक्कर आणि झोपेच्या गोळीची गुंगी. शिवाय वयाबरोबर स्नायू झिजतात, त्यांतही झटक्यात आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात. पाय घसरल्यावर क्षणार्धात दुसरा पाय पुढे टाकून सावरायचे काम नेमके याच तंतूंचे असते.

सपाट रस्त्यावर एका लयीत चालताना या तंतूंना फारसे काम पडत नाही. चालणे हृदयाला उत्तम, साखरेला उत्तम, झोपेला उत्तम. ते कोणीही सोडू नये. पण पडणे टाळायचे असेल तर तेवढ्यावर भागत नाही. 2019 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 108 चाचण्या आणि 23 हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती एकत्र तपासली. व्यायामाने पडण्याचे प्रमाण 23 टक्क्यांनी घटले. त्यात फरक दिसला तो मुख्यतः तोल सांभाळण्याच्या आणि रोजच्या हालचालींसारख्या व्यायामांमुळे. नुसत्या चालण्याबद्दल संशोधकांना खात्रीने काही सांगता आले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही 2020 पासून 65 वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम व्यायामाशिवाय तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते.

आता सत्तरीतल्या माणसाला रोज एका पायावर उभे राहा म्हटले, तर तो आठवडाभर राहील. आठव्या दिवशी विसरेल. खेळाचे तसे नसते. खेळात वाकणे, वळणे, हात लांबवणे, एका पायावर भार घेणे आपोआप होते आणि लक्ष गुणांकडे असते. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांच्या चौकडीने लॉन बोल्समध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आपल्याकडे अनेकांना या खेळाचे नाव पहिल्यांदा कळले. हिरवळीवर जड चेंडू घरंगळत नेऊन एका छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ थांबवायचा, एवढाच खेळ. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात तो पेन्शनरांच्या क्लबांत खेळला जातो. गोट्या खेळून मोठ्या झालेल्या पिढीला यात नवे काय आहे?

तशी हिरवळ पेण-रोह्यात नसली तरी अडत नाही. शाळेचे मैदान सकाळी मोकळे असते. रबरी रिंग जाळीवरून फेकायची आणि झेलायची, हा शाळेतला खेळ ज्येष्ठांना फार चांगला. बॅडमिंटन दुहेरीत खेळावे, एकेरीचा हट्ट नको. लगोरीही चालेल, फक्त दगड जमिनीवर न रचता स्टुलावर रचावेत, म्हणजे खाली वाकून उठताना चक्कर येणार नाही. चेंडू मऊ हवा आणि पाठीत मारण्याचा नियम रद्द! विटी-दांडू मात्र नकोच, विटी डोळ्यावर बसली तर नजर जाऊ शकते. ज्या जिल्ह्याने कबड्डीचे इतके खेळाडू दिले, तिथल्या माणसांना पदन्यास काय शिकवायचा? पण साठीनंतर कबड्डी बघावी, खेळू नये.

दुसरे साधन दाराशीच आहे: डोंगर. ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात काही लोकांनी डोंगर फक्त चढला आणि रोपवेने खाली आले, तर काहींनी उलटे केले. फक्त उतरणाऱ्यांचीही साखर पचवण्याची क्षमता सुधारली. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. दम कमी लागतो, ताकद मात्र वाढते. न्हाणीघराची पायरी उतरताना हेच स्नायू कामी येतात. गुडघे झिजलेल्यांनी उतरताना काठी घ्यावी आणि पावले छोटी टाकावीत.

पण डोंगर निवडताना तारुण्यातल्या आठवणींवर भिस्त ठेवू नये. पेणजवळच्या सांकशीची वाट घसरडी आहे, ती ज्येष्ठांच्या गटाने सोडून द्यावी. पनवेलच्या वाटेवरच्या कर्नाळा अभयारण्यातल्या सावलीच्या पायवाटा सुरुवातीला पुरेशा आहेत, सुळक्यापर्यंत जायची गरज नाही. रोह्याच्या मंडळींना अवचितगड खुणावतो. सराव झाला की मेढ्याच्या बाजूने, हिवाळ्यात, जमेल तिथवर जावे आणि परत फिरावे. चढताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, वाक्य तुटू लागले की थांबायचे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर त्या दिवशीचा डोंगर संपला. थेट रुग्णालय गाठायचे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या खिशात साखर हवी. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर तापते, म्हणून नऊच्या आत खाली यावे. बसताना दगड न्याहाळून बसावे. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगाला दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर याच जिल्ह्यातल्या महाडचे, पण म्हणून विंचवाची परीक्षा पाहू नये.

हे एकट्याने करण्यापेक्षा चौघांत करावे, यालाही आधार आहे. 2010 मध्ये 148 अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा ज्यांची नातीगोती, मैत्री घट्ट होती त्यांची जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त आढळली. कोपनहेगनमध्ये सुमारे साडेआठ हजार लोकांवर 25 वर्षांपर्यंत लक्ष ठेवले गेले. टेनिस, बॅडमिंटन खेळणारे एकट्याने धावणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. अर्थात टेनिस खेळणारे बहुधा सुखवस्तूही असतात, त्यामुळे सगळे श्रेय रॅकेटला देता येत नाही. पण ‘उद्या येतोस ना?’ असे विचारणारा कोणी असला की माणूस अंथरुणातून उठतो, हे कोणत्याही कट्ट्याला ठाऊक आहे. डॉ. मदन कटारिया यांनी 1995 मध्ये मुंबईच्या एका बागेत हास्य क्लब सुरू केला, तेव्हा अवघी पाच माणसे होती.

नवीन येणाऱ्याचा रक्तदाब आणि साखर आधी तपासून घ्यावी, सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. मग भिंतीजवळ उभे राहून एक पाय उचलून दहा सेकंद तोल राहतो का, ते पाहावे. जवळ कोणीतरी हवे. ज्यांना जमत नाही त्यांना घरी पाठवू नये. त्यांनाच खेळाची गरज जास्त आहे, फक्त महिनाभर त्यांनी खुर्चीची पाठ धरून तोलाचा सराव करावा.

एक उणीव मात्र बहुतेक संघांत दिसते. कट्ट्यावर आजी नसतात. पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, खुबा मोडण्याचे प्रमाण बायकांत जास्त, आणि सकाळी सहाला त्या मात्र चहा, डबा, नातवंडांची शाळा यांत अडकलेल्या. त्यांना सकाळी बोलावून उपयोग नाही. संध्याकाळी चार ते पाच मैदान त्यांच्यासाठी ठेवावे आणि त्या तासाभरात घरचा चहा आजोबांनी करावा.